गोळी, जप आणि झोप: बायपोलर असलेल्या एका साधकाला उत्तर

प्रश्न विचारणारा तरुण कोपरखैरण्याला राहतो, महाप्याला नोकरी करतो, वय एकतीस. घर वारकरी, गळ्यात माळ. बायपोलरचं, म्हणजे मन कधी अति उंचावण्याच्या तर कधी खोल नैराश्यात जाण्याच्या आजाराचं, निदान होऊन पाच वर्षं झाली. या काळात दोनदा मॅनिया (मन उधाणल्याचा, झोप कमी आणि उत्साह अति असा काळ) झाला आणि मधे एक लांबलेलं डिप्रेशन आलं. आता लिथियमची गोळी चालू आहे आणि दीड वर्ष तब्येत ठीक आहे. त्याने लिहिलंय: "रोजच्या जपाने आणि ध्यानाने मला खरंच बरं वाटतं. साधना वाढवली तर गोळ्या सुटतील का? मित्र दहा दिवसांच्या मौन शिबिराला बोलावतोय, जाऊ का? वडील निर्जळी एकादशी करतात, वारीही करतात. मी करू का? आणि आई दिवसातून चार वेळा 'गोळी घेतलीस का' विचारते, तिला काय सांगू?"

आधी सरळ उत्तरं देते. गोळ्या सोडू नका. जपही सोडू नका. शिबिराला जाऊ नका. एकादशी करा, पण पाणी पिऊन. वारीला तयारीने जाता येईल. आईसाठी घरात एक वेगळी व्यवस्था लावावी लागेल. आता यातलं प्रत्येक कशासाठी ते सांगते, कारण केवळ डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पाळलेलं पथ्य फार दिवस टिकत नाही.

ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी पहिल्याच भेटीत विचारते, "देवाधर्माचं काय करता?" झोप आणि भूक विचारते तितक्याच सहज. काही जण दचकतात. डॉक्टर आता हसणार, नाहीतर हे सगळं बंद करा म्हणणार, असं त्यांना वाटतं. पण माणूस पहाटे कशासाठी उठतो, कुणासोबत बसतो, संकटात कुणाचं नाव घेतो हे मला माहीत नसेल, तर मी त्याला अर्धाच ओळखते. त्यामुळे तुमच्या साधनेबद्दल मी आदरानेच बोलणार आहे, आणि काही ठिकाणी स्पष्ट नकारही देणार आहे.

गोळ्यांपासून सुरुवात करू. जप आणि लिथियम दोन्ही एकाच वेळी चालू आहेत, त्यामुळे बरं कशामुळे वाटतंय हे तुम्हाला आतून ओळखता येणार नाही. जप केल्या केल्या मन निवतं, ते लगेच जाणवतं. लिथियमचं काम जाणवत नाही. मॅनिया 'आला नाही' हीच त्याची खूण, आणि न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कुणी कुणाला देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये मॅनियावरचा या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. इतक्या वर्षांनंतरही बायपोलरमध्ये पुढचे एपिसोड टाळण्यासाठी आम्हाला सर्वांत जास्त भरवसा ज्या औषधांवर वाटतो, त्यांत लिथियम आहे. ते आत्महत्येचा धोका कमी करतं, ही त्याची फार मोलाची बाजू आहे. ते एकदम बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया उलटण्याची शक्यता वाढते. कधी थांबवायचंच झालं तर डॉक्टर ते निदान महिनाभर, शक्यतो तीन महिने हळूहळू उतरवतात.

ध्यानाच्या बाजूनेही भक्कम पुरावा आहे, पण तो कशाचा आहे ते नीट पाहायला हवं. टीसडेल, सेगल, विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सजगतेच्या ध्यानावर आधारलेला तो आठ आठवड्यांचा उपचार होता. ज्यांना आधी तीन किंवा त्याहून अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात ते पुन्हा येण्याचं प्रमाण या उपचाराने जवळपास निम्म्यावर आलं. ही माणसं नैराश्याची होती, बायपोलरची नव्हे. बायपोलरमध्ये ध्यानाने चिंता कमी झालेली दिसते. मॅनियाचे एपिसोड टळतात, असं मात्र दाखवता आलेलं नाही. म्हणून ध्यान गोळीच्या जोडीला ठेवायचं. गोळीच्या जागी नाही.

आता ज्या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचंय, तिकडे येते. "साधना वाढवली तर?" असं तुम्ही विचारलंय. माझ्या अनुभवात श्रद्धाळू घरांत मॅनियाची सुरुवात अनेकदा भक्तीच्या रूपानेच होते, आणि म्हणून आठवडाभर ती कुणाच्या ध्यानातही येत नाही. मुलगा पहाटे साडेतीनला उठून आंघोळ करून जपाला बसायला लागतो. घरातल्यांना कौतुक वाटतं. एका माळेच्या अकरा माळा होतात. झोप चार तासांवर येते, तरी थकवा नाही, उलट चेहऱ्यावर तेज आल्यासारखं वाटतं. बोलण्याचा वेग वाढतो. कीर्तनातला दृष्टांत बुवांनी आपल्यालाच उद्देशून दिला, असं वाटू लागतं. मग दानधर्म सुरू होतो. अख्खा पगार अन्नदानात जातो, क्रेडिट कार्डावरून देणग्या जातात. कुणी अडवलं की चिडचिड होते, "तुम्हाला यातलं काही कळत नाही" असं उत्तर मिळतं. मुलगा रात्री दोनला पायीच पंढरपूरला निघतो तेव्हा घरचे हादरतात. प्रत्यक्षात आजार दहा-पंधरा दिवस आधीच सुरू झालेला असतो.

मग खरी भक्ती आणि आजाराची सुरुवात वेगळी कशी ओळखायची? मी काही गोष्टी पाहते. झोप कमी होऊनही थकवा येत नाही का? विचार इतके धावतात का की जपातही मन एका जागी राहत नाही? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जप कमी करता येतो का? "आठवडाभर फक्त एकच माळ करा" असं सांगितल्यावर निरोगी साधक थोडा हिरमुसतो, पण करतो. पाहुणे आले, मूल आजारी पडलं, तर तो उठतो. मॅनियाच्या तोंडावर असलेल्या माणसाला थांबताच येत नाही, थांबवणारा त्याला शत्रू वाटतो. आणखी एक खूण तुमच्या परंपरेतच आहे. वारीत भेटलेला माणूस लहान असो की मोठा, आपण त्याच्या पाया पडतो आणि तोही आपल्या पडतो. त्या वातावरणात वाढलेल्या माणसाला अचानक आपण निवडलेले आहोत, इतरांहून वरचे आहोत, आपल्याला थेट निरोप येतात असं वाटू लागलं, तर ते त्याच्या स्वतःच्या संप्रदायाच्या सुरातही बसत नाही. हे वडिलांना सांगा. त्यांना ते माझ्याहून लवकर समजेल.

तुमच्या दोन्ही मॅनियांच्या आधीचे पंधरा दिवस आईवडिलांसोबत बसून आठवा आणि लिहून काढा. आजार प्रत्येकाच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याच वाटेने परततो. कुणी रात्री-बेरात्री फोन करू लागतो, कुणी नवीन कपडे घेत सुटतो. तुमची वाट कोणती, हे तुमच्या घरातल्यांइतकं कुठल्याही डॉक्टरला ठाऊक नसतं. तो कागद कपाटात ठेवू नका. आई, वडील आणि तुम्ही, तिघांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या.

बायपोलरमध्ये झोपेला मी औषधाच्या बरोबरीने मानते. कमी झोप हे मॅनियाचं लक्षण आहे आणि कारणही. रात्रभराचं भजन, गणपतीतलं जागरण, नवरात्रातला उशिरापर्यंतचा गरबा, रात्रीच्या बसने देवदर्शन, या सगळ्यांवर तुमच्यासाठी बंधन आहे. आरतीला जा, भजनाला बसा, पण साडेदहाला उठून घरी या. पहाटेच्या काकड्याला जायचं असेल तर आदल्या रात्री साडेनऊला अंथरुणात असायला हवं. ते जमणार नसेल तर काकडा सुट्टीच्या दिवसापुरता ठेवा. लागोपाठ दोन रात्री पाच तासांहून कमी झोप झाली आणि तरीही ताजंतवानं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. महाप्याच्या आणि ऐरोलीच्या बऱ्याच कंपन्यांत रात्रपाळी असते. तुम्हाला ती आली तर डॉक्टरांकडून पत्र घेऊन दिवसाची पाळी मागा. पत्रावर आजाराचं नाव असायलाच हवं असं नाही, "वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी नको" इतकं पुरतं.

अमेरिकेतल्या एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी एक उपचारपद्धती उभी केली, तिचा गाभा दिनक्रमाची लय हा आहे. अंथरुणातून उठणं, दिवसातलं पहिलं माणूस भेटणं, काम सुरू करणं, रात्रीचं जेवण आणि झोपणं, या पाच वेळा रोज शक्य तितक्या सारख्या ठेवायच्या. हे वाचलं तेव्हा मला आपल्या घरांतली सकाळची पूजा आणि तिन्हीसांजेचं दिवा लावणं आठवलं. श्रद्धेने तुम्हाला ही चौकट आधीच देऊन ठेवली आहे. तिचा वापर करा. रोज त्याच वेळी, तितकाच वेळ. पंधरा मिनिटं ठरली असतील तर मन रमलं म्हणून पंचेचाळीस नकोत, आणि मन लागलं नाही म्हणून शून्यही नको.

शिबिराचं म्हणाल तर दहा दिवसांचं मौन शिबिर म्हणजे बहुधा विपश्यनेचं. विपश्यनेबद्दल मला आदर आहे. इगतपुरीचं धम्मगिरी काय किंवा आपल्या बेलापूरचं धम्म विपुल काय, तिथून अनेकांना फार काही मिळालेलं आहे. पण दहा दिवस पहाटे चारला उठणं, रोज सुमारे दहा तास बसणं आणि संपूर्ण मौन हे बायपोलर असलेल्या माणसासाठी सुरक्षित नाही. झोप कमी होते. विचारांचा वेग वाढला तरी बोलायची सोय नसते, आणि शेजारच्याला तुमची तब्येत बिघडतेय हे कळायचा मार्गही उरत नाही. दीर्घ, सलग ध्यानाने मॅनिया किंवा भास सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ही केंद्रं स्वतःच अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि गंभीर आजार असणाऱ्यांना सहसा शिबिराची शिफारस करत नाहीत. तो रकाना रिकामा सोडून जाऊ नका. "तिथे सांगू नकोस, घेणार नाहीत" असं मित्र म्हणाला, तर त्याला प्रेमाने नाही म्हणा.

मग कोणतं ध्यान करायचं? लहान, डोळे अर्धवट उघडे ठेवून, शक्यतो मोठ्याने आणि चारचौघांत. त्यातही टाळ हातात घेऊन भजन म्हणणं तुमच्यासारख्यांसाठी मला फार आवडतं. श्वास आपोआप लांबतो, शरीर हलतं, आणि माणूस बिघडला तर शेजारचा ताल चुकलेला ओळखतो. एकट्याने करायचं तर वाशीच्या मिनी सीशोरला संध्याकाळी पावलांच्या लयीत नाम घेत चाला. भ्रामरी चालेल, संथ अनुलोम-विलोम चालेल. भस्त्रिका, कपालभाती असे जोरकस वेगाचे प्रकार टाळा, आणि कुंडलिनी जागृतीच्या नावाने चालणाऱ्या शिबिरांपासून लांब राहा.

आता एकादशी. हा भाग वडिलांनाही वाचून दाखवा. लिथियम हा एक क्षार आहे आणि तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, आणि गोळी तितकीच घेऊनही रक्तातली लेव्हल चढते. ही लेव्हल सहसा लिटरमागे ०.६ ते १.० मिलीमोलच्या दरम्यान ठेवली जाते. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इतकं कमी अंतर असलेली औषधं फार थोडी. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच रुग्णालय गाठा. निर्जळी उपास म्हणूनच नको. भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, फळं आणि दिवसभर नेहमीइतकं पाणी, अशी एकादशी खुशाल करा. मीठही नेहमीइतकंच घ्या, अळणी उपास नको. मुसलमान रुग्णांना रोज्यांच्या आधी मी हेच सांगते: रमजानपूर्वी भेटा, मगच ठरवू.

वारीत तीच गोष्ट आणखी तीव्र होते, कारण घाम. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणी झोपेचा भरवसा नाही. पहिल्या वर्षी सगळी वारी नको, दोन-तीन टप्पे चाला आणि रात्री झोपायची पक्की सोय असेल तिथेच थांबा. पाण्याची बाटली आणि ओआरएस जवळ असू द्या. पाय दुखले की वाटेतल्या मदत केंद्रांवर गोळी मिळते. ती घेण्यापूर्वी "मी लिथियमवर आहे" हे आवर्जून सांगा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी लिथियमची लेव्हल वाढते. पॅरासिटामॉल चालतं. दिंडीतल्या एका विश्वासू माणसाला तुमच्या आजाराची आणि गोळीच्या वेळेची माहिती हवी. निघण्याआधी लेव्हल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्या. लेव्हलचं रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी असेल तर ती घेण्याआधी द्यायचं असतं.

डिप्रेशनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण साधकाला तिथे एक वेगळीच वेदना असते. नाम ओठांवर येत नाही. मूर्तीपुढे उभं राहूनही काही वाटत नाही. मग माणूस ठरवतो की देव रुसला, माझंच काही पाप असणार. तसं नाही. जेवणाची चव जाते, मुलाला जवळ घेऊनही आनंद होत नाही, तसाच भक्तीतला ओलावाही हा आजार काढून घेतो. त्या काळात स्वतःला शिक्षा म्हणून कडक उपास, मोठी पारायणं, नवस अंगावर घेऊ नका. भजनात मागे बसा, टाळ्याही वाजवल्या नाहीत तरी चालेल. तुमच्या वाट्याचं नाम तेवढे दिवस बाकीचे घेतील. आणि जगणं नको असं वाटू लागलं तर एकटे राहू नका. घरच्यांना, डॉक्टरांना सांगा. त्या क्षणी कुणी नसेल तर १४४१६ वर फोन करा. टेली मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही. जिवाला धोका आहे असं वाटलं तर १०८ किंवा ११२.

तुमच्या घरात नाही, पण हे वाचणाऱ्या काही घरांत 'बाहेरचं' उतरवण्याचा आग्रह होतो. अंगारा लावा, देवळात बसा, माझी हरकत नाही. मात्र रुग्णाला बांधणं, मारणं, धुरी देऊन त्रास देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने गेले. दर्ग्यात बरं वाटेल या आशेने घरच्यांनी त्यांना तिथे आणून ठेवलं होतं. जो कुणी, कितीही मोठा असला तरी, "गोळ्या बंद करा, मग मी बघतो" म्हणेल, त्याच्याकडून उठून यायचं.

आता आई. चार वेळा विचारणं हे तिच्या भीतीतून येतं. दोन्ही वेळा तिने तुम्हाला हातातून सुटताना पाहिलंय. तरी तुमची तक्रार रास्त आहे. जॉर्ज ब्राउन यांनी लंडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की घरात टीका, राग किंवा अति काळजी जास्त असली की आजार लवकर उलटतो. पुढे बायपोलरमध्येही तसंच आढळलं. म्हणून विचारणं बंद, बघणं चालू. औषधाच्या दुकानात सात दिवसांच्या कप्प्यांचा डबा मिळतो. रविवारी तुम्ही तो भरा आणि जेवणाच्या टेबलाजवळ ठेवा. रात्री कप्पा रिकामा दिसला की आईने काही बोलायचं नाही. भरलेला दिसला तर एकदाच बोलायचं. बदल्यात तुम्ही तिला एक हक्क द्या: ठरलेल्या कागदातली लक्षणं दिसली तर ती तुम्हाला न विचारता डॉक्टरांना फोन करू शकते, आणि त्यावरून तुम्ही भांडणार नाही. हे आज, तब्येत ठीक असतानाच ठरवा. आईलाही बोलायला जागा हवी. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था रुग्णांसोबत कुटुंबांसाठीही काम करते, तिथे चौकशी करा.

खर्चाची अडचण असेल तर १९०१ पासून चालू असलेलं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. "ठाण्याला नेऊन टाका" ही आपल्याकडची जुनी शिवी, आणि तिच्यामुळे लोक तिथल्या बाह्यरुग्ण विभागात साधी गोळी घ्यायलाही कचरतात. तिथे रोज कितीतरी माणसं औषध घेऊन कामावर परत जातात. कागदपत्रांत दोन गोष्टी बघा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच स्थान द्यावं लागतं, तेव्हा कंपनीची पॉलिसी काढून वाचा. त्याच कायद्याने तुम्हाला आधीच लिहून ठेवता येतं की पुन्हा बिघडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे वडिलांना सोबत न्या. लक्षणांचा कागद, गेल्या महिन्यातल्या झोपेच्या वेळा आणि शेवटच्या लेव्हलचा रिपोर्ट बरोबर ठेवा. एकादशी आणि वारीबद्दलचे प्रश्न वडिलांनाच विचारू द्या, आणि उत्तरं डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी स्वतः ऐकू द्या.